गोव्यातल्या वाळपईपलीकडच्या त्या दोघांना, आणि पेज देणाऱ्या आजींना

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पाच जण म्हादईच्या काठी, एका कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, मालकांना विचारून, तंबू ठोकून राहिलो होतो. जागा पाण्यापासून जेमतेम दहा पावलांवर. चूक आमचीच, वाळू सपाट दिसली आणि मोह झाला.

रात्री साडेनऊच्या सुमारास दोघे जण बॅटरी घेऊन आले. आमच्याकडे पाऊस नव्हता, आकाशात चांदण्या होत्या. पण पूर्वेला घाटावर विजा चमकत होत्या. त्यातले थोरले म्हणाले, "हांगा रावूं नाकात, उदक चडटलें." म्हणजे इथे राहू नका, पाणी चढेल. ही नदी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातून उतरते, तिकडे कोसळलं की इथे कोरड्या आभाळाखाली पाणी वाढतं. हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण कळलं त्या रात्री. त्यांनीच खुंट्या उपटल्या, तंबू तसाच उचलून बांधावर, सुपारीच्या झाडांत नेला. अर्ध्या तासाने पाहिलं तर आमच्या चुलीचे तीन दगड पाण्याखाली.

मग गोठ्याशेजारच्या घरात आजींनी उकड्या तांदळाची गरम पेज आणि आंब्याचं लोणचं वाढलं. पैशांचं नाव काढलं तर रागावल्या.

गडबडीत नावं विचारायची राहिली. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काका, तुमचा निळा पंचा आमच्याकडेच राहिलाय, धुऊन ठेवलाय. दिवाळीनंतर आणून देतो, आजींसाठी फराळही आणतो.