वांगाच्या औषधात नेमकं आहे काय? कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांना सीमाभागातून खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू

महोदय,
सविनय नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात गेली २१ वर्षं माझं औषधांचं दुकान आहे. तापाची, साखरेची, रक्तदाबाची गोळी लोक चारचौघांत मागतात. एक औषध मात्र दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसताना, पदर गालावर ओढून मागितलं जातं. "वैनी, वांगावर काय हाय काय ओ?"

पहिल्या-दुसऱ्या गरोदरपणात गालाच्या उंचवट्यावर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी चट्टे उठतात, तेच वांग. काहींचे नंतर विरतात, काहींचे तिथंच ठाण मांडतात. पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी ते वाढू शकतात. आईला, मावशीला असतील तर लेकीला यायची शक्यता जास्त. आणि ऊन हे तर त्यांचं खतपाणी. आमच्या बायकांना ऊन चुकत नाही. भाताची रोपलावण, रताळ्याची भांगलण, काजूच्या बागा. दिवसभर वाकून काम करताना डोईवरच्या पदराची सावली तोंडावर पडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. सावळा रंग हा आजार नाही, आणि तो उजळून देणाऱ्या कुणाचीही बाजू मी घेत नाही. वांग हा त्वचेचा विकार आहे. त्याच्यापायी लग्नकार्याला जायचं टाळणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांना औषध मागायचा हक्क आहे, आणि ते औषध म्हणून आज त्यांच्या हातात काय पडतंय ते आपल्यापर्यंत पोचावं, यासाठी हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी एक बाई हिरव्या झाकणाची डबी घेऊन आली. वर पानांचं चित्र, "शंभर टक्के वनौषधी" अशी अक्षरं. कारखान्याचा पत्ता नाही, बॅच क्रमांक नाही, घटकांची नावं नाहीत. आठवडी बाजारात घेतलेली. पहिल्या तीन आठवड्यांत चट्टे निम्मे झाले म्हणून तिनं जावेलाही एक दिली. सहा महिन्यांनी गाल लालबुंद, कातडी इतकी पातळ की बारीक शिरा दिसाव्यात, हनुवटीवर केस, पुरळ. चुलीसमोर बसवेना. डबी बंद केली की आग दुप्पट, म्हणून पुन्हा तीच लावायची. ही लक्षणं स्टेरॉइडची आहेत. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला "स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा" असं नावच दिलंय, इतके रुग्ण त्यांच्याकडे येतात.

मला ही लक्षणं ओळखता येतात, कारण त्यांत माझाही हात आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड, अशा तिन्हींची एकत्र ट्यूब मिळते. डॉक्टरच्या नजरेखाली, मोजक्या आठवड्यांसाठी वापरायची ती. दुकानाच्या पहिल्या काही वर्षांत मी ती चिठ्ठीशिवाय विकली. मागणी होती, विचारणारं कुणी नव्हतं. त्यातल्या दोघीजणी अजून गावात आहेत. त्यांचे चेहरे मला रोज दिसतात.

२०१८ साली केंद्र सरकारनं लावायची १४ स्टेरॉइड औषधं शेड्यूल एचमध्ये घेतली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. माझ्या दुकानात ती खरोखर बंद झाली. पण आजही कुठल्याही पेठेत नुसतं नाव सांगितलं तर ट्यूब हातात पडते, हे आपल्या विभागाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

रंग उजळायच्या क्रीमांत घातलेल्या पाऱ्याची गोष्ट त्याहून वाईट. त्वचेचा रंग म्हणजे मेलॅनिन, ते बनवायला टायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं. पारा या विकराचंच काम बंद पाडतो, म्हणून चट्टा झपाट्यानं फिका होतो. मग तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण आढळले. त्यांपैकी १५ जणांच्या तपासणीत अशा विकारात मूत्रपिंडात साचणारं नेल-१ हे प्रथिन सापडलं, आणि त्या १५ पैकी १३ जण रंग उजळायची क्रीमं लावत होते. केरळ सरकारनं "ऑपरेशन सौंदर्य" नावाची मोहीम काढून दुकानं तपासली. आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर बाकीच्यांत नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण खानापूरच्या, नंदगडच्या, निपाणीच्या बाजारातली डबी उघडून कुणी तपासल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. पायावर सूज आली, लघवीला फेस येतो, म्हणून बाई माझ्याकडे येते तेव्हा तोंडाला काय लावतेस हा प्रश्न तिला आधी कुणी विचारलेला नसतो.

वनस्पतींवर माझा राग नाही, उलट जीव आहे. माझी आजी सहाणेवर दुधात जायफळ उगाळायची. मंजिष्ठा, लोध्र, रक्तचंदन ही नावं आयुर्वेदात वांगासाठी जुनी आहेत. आणि प्रयोगशाळेनंही काही वनस्पतींच्या बाजूनं साक्ष दिलीय. ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन टायरोसिनेजला अडवतं. तुतीतलं ऑक्सिरेस्व्हेराट्रॉल, कोरफडीतलं अ‍ॅलोसिन हीही त्याच विकरावर काम करतात. बेअरबेरी या थंड मुलखातल्या झुडपातलं आर्ब्युटिन तर कितीतरी क्रीमांत असतं. तुती आपल्याच राज्यात रेशमासाठी एवढी पिकते की देशात आपला पहिला नंबर. त्या तुतीच्या काड्या शेताच्या बांधावर जाळल्या जातात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पण मुळी आणि अर्क यांत फरक आहे, आणि हाच फरक डबी विकणारा सांगत नाही. ग्लॅब्रिडिन मुळीत अगदी थोडं असतं आणि पाण्यात विरघळत नाही. ज्येष्ठमधाची पूड दुधात कालवून लावली तर कातडीपर्यंत पोचेल इतकं त्यातून सुटणं अवघड. प्रमाणित अर्क, ठरलेली मात्रा, तो टिकवणारं क्रीम, एवढं सगळं जमलं तर गुण येतो, तोही हलका आणि काही महिन्यांनी. माणसांवर झालेल्या चाचण्या लहान आहेत. आणि ऊन थोपवलं नाही तर कुठलाही अर्क हरतो. म्हणून गिऱ्हाइकाला मी एकच खूण सांगते: तीन आठवड्यांत वांग पुसणारी "वनौषधी" ही वनौषधी नसते.

झाडाचं म्हणजे निर्धोक, ही समजूतही आमच्या भागात तरी टिकायला नको होती. बिब्बा झाडालाच लागतो, आणि त्याचा चीक लागलेली जागा कशी भाजते, काळी पडते ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. काजूच्या टरफलाचं तेल त्याच कुळातलं. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात पाहा. गालाला लिंबू चोळून उन्हात गेलेल्या मुलींच्या तोंडावर नवे काळे ओघळ उठलेले मी पाहिलेत, कारण लिंबातली काही द्रव्यं उन्हात कातडी भाजतात. बावची कोडावर देतात, रंग आणण्यासाठी. तीच एका बाईला वांगावर लावायला सांगितली गेली होती. आणि जपानमध्ये रोडोडेनॉल हे झाडाच्या सालीत सापडणारं द्रव्य घातलेली क्रीमं रीतसर सरकारी मंजुरी घेऊन बाजारात आली होती. २०१३ साली ती परत मागवावी लागली, कारण हजारो लोकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर कोडासारखे पांढरे डाग उठले. मंजुरी, कारखाना, नोंदी, सगळं असलेल्या देशात हे झालं. आमच्या डबीवर तर पत्ताही नाही.

महोदय, डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात येता. तिथून थोड्या अंतरावर, बेळगावच्या नेहरूनगरात, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे. २००६ मध्ये ती इथं सुरू झाली, सह्याद्रीतल्या औषधी वनस्पतींवर तिथं काम चालतं. संस्था केंद्राची आहे, पण शब्द टाकणं राज्याच्या हातात आहे. ज्येष्ठमध, मंजिष्ठा, तुती यांचे मात्रा ठरवलेले अर्क आमच्या उन्हात, आमच्या बायकांच्या त्वचेवर काय करतात याची नीट चाचणी या संस्थेनं जिल्हा रुग्णालयाबरोबर करावी, अशी विनंती आपण करा. उत्तर "उपयोग नाही" असं आलं तरी ते आम्हाला हवंय.

बाजारातल्या डब्या मात्र चाचणीची वाट पाहू शकत नाहीत. पारा आहे की नाही हे हातात धरायच्या एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्रानं काही मिनिटांत प्राथमिक कळतं. आठवडी बाजाराच्या दिवशी औषध निरीक्षक असं यंत्र घेऊन फिरू द्या. स्टेरॉइडसाठी नमुने प्रयोगशाळेत जाऊ द्या. आयुर्वेदिक म्हणून विकलेल्या औषधात अ‍ॅलोपॅथीचं औषध मिसळणं ही कायद्यानं भेसळ आहे, नवीन कायदा लागत नाही. चंदगड, गडहिंग्लज, गोवा, तिकडून माल इकडे येतो आणि इकडून तिकडे जातो. एका बाजूनं छापा पडला की डब्या दुसऱ्या बाजूला सरकतात. म्हणून महाराष्ट्र आणि गोव्याच्या अधिकाऱ्यांसोबत एकाच दिवशी तपासणी ठेवा. तालुका रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी त्वचारोगाचा डॉक्टर बसवा. आयर्न ऑक्साइडचा रंग मिसळलेलं सनस्क्रीन नुसत्या अतिनील किरणांनाच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतं, आणि वांगाला तोही प्रकाश वाढवतो. ते शेतावरच्या बाईला परवडेल अशा दरात द्या.

आणि हे सगळं आमच्या भाषेत सांगा. मला कन्नड येतं, माझी मुलं ते शिकली, त्याबद्दल तक्रार नाही. पण मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या पन्नाशीच्या बाईला दवाखान्यातला कन्नड फलक वाचता येत नाही आणि ट्यूबमधला इंग्रजी कागद तर नाहीच. तिला वाचता येतं ते फक्त त्या डबीवरचं मराठी. भेसळ करणाऱ्याला हे कळलं, आरोग्य खात्याला अजून कळलेलं नाही. ज्या भागात १५ टक्क्यांहून जास्त लोक अल्पसंख्याक भाषा बोलतात तिथं सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्रानं फार पूर्वी ठरवून दिलंय. आशा सेविकांच्या हातात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतला एक कागद असला तरी पुष्कळ होईल.

गेल्या दोन वर्षांत बायकांनी माझ्याकडे आणून दिलेल्या अशा ११ डब्या आणि ट्यूब मी कपाटात बंद करून ठेवल्यात. प्रत्येकीवर तारीख आणि बाजाराचं नाव लिहिलंय. आपल्या विभागाचा जो अधिकारी येईल त्याच्या हवाली करायला मी तयार आहे, आणि माझ्या दुकानाच्या जुन्या नोंदी तपासायच्या असतील तर त्याही.

आपली विश्वासू,
खानापूर तालुक्यातील एक औषध विक्रेती