घुमट राहू द्या, खुर्च्या हलवा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत क्रीडासंकुलांवर आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण अमेरिकेत इमारत जुनी झाली की सरळ पाडतात आणि आपणच डागडुजी करत बसतो, अशा अर्थाचं त्यात जे विधान आहे, ते मला खटकलं. गेली एकोणीस वर्षं मी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात राहते. माझी लेक इथून अर्ध्या तासावर, चॅपल हिलच्या विद्यापीठात शिकते. तिथे बास्केटबॉलचं जुनं अरीना, म्हणजे बंदिस्त क्रीडागृह, दुरुस्त करायचं की नवं बांधायचं, यावर लोक अक्षरशः तावातावाने भांडताहेत. आमच्या भागातल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं त्या विद्यापीठात आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

त्या इमारतीचं नाव डीन ई. स्मिथ सेंटर, पण सगळे तिला ‘डीन डोम’, म्हणजे डीनचा घुमट, म्हणतात. १८ जानेवारी १९८६ रोजी तिथे पहिला सामना झाला, तोही शेजारच्या ड्यूक विद्यापीठाशी. यजमान तेव्हा देशाच्या क्रमवारीत पहिले होते, ड्यूक तिसरे. यजमानांनी ९५-९२ असा सामना जिंकला. सुमारे २१,७५० लोक बसतील एवढं हे अरीना आहे. विद्यापीठाच्या आवारातली एवढी मोठी बास्केटबॉलची वास्तू अमेरिकेतही क्वचितच सापडेल. बांधायला सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर लागले आणि ते सगळे देणग्यांतून उभे राहिले.

आजच्या भांडणाचं मूळ त्या देणग्यांतच आहे. ज्यांनी पैसे दिले त्यांना कोर्टाजवळच्या खुर्च्यांचे हक्क मिळाले, आणि ज्यांच्या नावाने विद्यापीठ चालतं ते विद्यार्थी मोठ्या संख्येने वरच्या मजल्यावर गेले. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा खेळाडू सॅम कॅसेल याने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या प्रेक्षकांना वाइन-चीजवाली मंडळी, म्हणजे मेजवानीला आल्यासारखी शांत बसणारी, म्हटलं होतं, ते आजतागायत चिकटून आहे. पुढे एका बास्केटच्या मागे विद्यार्थ्यांना उभं राहायला जागा करून दिली, तेवढीच काय ती सुधारणा. माझे सासरे मिरजेहून आले होते. ते तरुणपणी कबड्डी खेळलेले. आमच्या दिवाणखान्यात टीव्हीवर सामना बघताना त्यांनी विचारलं, “अगं, कॉलेजचा सामना ना हा? मग पुढच्या रांगांत सगळे माझ्या वयाचे कसे?” मला उत्तर देता आलं नाही.

नवं अरीना मागणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ही इमारत १९८६ ची, आणि अपंगांच्या हक्कांचा अमेरिकेतला मोठा कायदा १९९० चा. व्हीलचेअर, रुंद मार्ग, लिफ्ट, स्वच्छतागृहं यांचा आज जो विचार होतो, तो त्या वेळच्या आराखड्यात कुठून असणार? दुसरी गोष्ट पैशाची. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं आता खेळाडूंना थेट मानधन देऊ शकतात, पहिल्याच वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हे पैसे आणायचे कुठून? म्हणून सगळीकडे धनिकांसाठी काचेच्या खासगी खोल्या, महागड्या खुर्च्या, मैफिली भरवता येतील असे मंच हवे आहेत. डीन डोममध्ये अशा खासगी खोल्या नाहीत. याच विद्यापीठाने फुटबॉलच्या नव्या प्रशिक्षकाला वर्षाला एक कोटी डॉलर देऊ केले, म्हणजे पैशाची भूक किती वाढली आहे ते कळतं.

पण उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. तासाभराच्या आत तीन मोठी विद्यापीठं आहेत आणि तिघांच्या वाटा तीन आहेत.

ड्यूकचं कॅमेरन इनडोअर स्टेडियम १९४० चं. आत जेमतेम ९,३१४ लोक मावतात. त्याचा आराखडा ज्युलियन एबल या कृष्णवर्णीय वास्तुरचनाकाराचा, आणि त्या काळी त्या विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलांना प्रवेशही नव्हता. ड्यूकने पाच-पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, पण इमारत सोडली नाही. वेळोवेळी दुरुस्त केली, वातानुकूलन बसवलं, आणि एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही: विद्यार्थी खाली, कोर्टाला खेटून, देणगीदार वर. तिकिटासाठी पोरं हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात. तिथे खेळायला येणाऱ्या संघाला धडकी भरते ती या पोरांमुळे.

रॅली शहरातल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने (एनसी स्टेट) उलट केलं. त्यांचं रेनॉल्ड्स कोलिसियम १९४९ चं. बांधकाम १९४२ मध्ये सुरू झालं आणि महायुद्धामुळे लोखंडी सांगाडा कित्येक वर्षं तसाच उभा राहिला. एके काळी दक्षिणेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं ते माहेरघरच होतं. १९९९ मध्ये पुरुषांचा संघ तिथून उठला आणि शहराच्या पश्चिम टोकाला, फुटबॉल मैदानाशेजारच्या अवाढव्य अरीनात गेला. ते अरीना आइस हॉकीच्या व्यावसायिक संघाबरोबर वाटून घ्यावं लागतं. होस्टेलमधून चालत सामन्याला जाणं संपलं. रेनॉल्ड्स मात्र त्यांनी पाडलं नाही. २०१६ मध्ये सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्चून ते आतून नवं केलं, खुर्च्या ५,५०० वर आणल्या, आणि आता मुलींचा संघ तिथे खेळतो. मी तिथे मुलींचा एक सामना पाहिला. बूट लाकडावर करकरतात तो आवाज शेवटच्या रांगेत येत होता. समोर बँडमधली ट्रम्बोनवाली मुलगी प्रत्येक टाइम-आउटला उठून उभी राही, आणि वाद्य खाली ठेवून घसा फाटेस्तोवर ओरडे. जुनी इमारत, पण कुठेही कळकट नाही, कुठेही अडचण नाही.

चॅपल हिलपुढे यांतली कुठली वाट घ्यायची हाच प्रश्न आहे. तिथे जे पर्याय बोलले जातात त्यांत डीन डोमची दुरुस्ती आहे, जवळपासच नवं बांधणं आहे, आणि कॅरोलायना नॉर्थचंही नाव आहे. २०१८ मध्ये बंद झालेल्या जुन्या धावपट्टीची ही जागा, मुख्य आवाराच्या उत्तरेला साधारण तीन किलोमीटरवर. मोकळी आहे, गाड्या लावायला ऐसपैस आहे, भोवती दुकानं-हॉटेलं उभी करता येतील. कागदावर सगळं छान दिसतं.

माझा विरोध इथेच आहे, आणि त्याला कारण माझं स्वतःचं, मिरज-सांगलीकडचं कॉलेज आहे. त्याचं नाव लिहीत नाही. जिमखान्यामागे आमचं बास्केटबॉलचं कोर्ट होतं, सिमेंटचं, पावसाळ्यानंतर कडेला शेवाळ धरणारं. रिंगला जाळी नव्हती, म्हणून बास्केट झाली की नाही यावर भांडणं व्हायची. पण साडेपाचला तास सुटला की होस्टेलच्या मुली थेट कोर्टावर. सलवारीचे पाय दुमडून, ओढणी कमरेला बांधून खेळायच्या. बाकीच्या मुली कठड्यावर बसून शेंगदाणे खात बघायच्या. त्यांतल्याच काही पुढच्या वर्षी संघात आल्या. मग ती जागा गाड्या लावायला घेतली गेली आणि गावाबाहेर सात किलोमीटरवर नवं संकुल झालं. वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, झगझगीत दिवे. पण तिकडे जायला संध्याकाळची बस नव्हती आणि अंधार पडल्यावर मुलींना कुणी पाठवेना. दोन वर्षांत मुलींचा संघच राहिला नाही. नवी इमारत वाईट नव्हती, आमच्यापासून लांब होती.

चॅपल हिलमध्ये बस फुकट आहे, रस्ते उजळलेले आहेत, हे मला माहीत आहे. मिरज-सांगलीकडची गोष्ट तिथे जशीच्या तशी लागू होणार नाही. तरी एका जानेवारीच्या रात्री मी मुलीबरोबर सामन्याला गेले होते ते सांगते. पहिल्या वर्षाची बरीचशी मुलं आवाराच्या दक्षिण भागातल्या होस्टेलांत राहतात, आणि डीन डोम तिथून पाच-दहा मिनिटांवर. हिंटन जेम्स होस्टेलच्या दारातून आम्ही निघालो, तर प्रत्येक मजल्यावरून पोरं उतरत होती. कुणाच्या गालावर फिकट निळा रंग अजून ओला. एक मुलगा चपला घालून, हातात भाताचा कागदी वाडगा, चालता चालता जेवत होता. तिकीट त्याने अर्ध्या तासापूर्वी मित्राकडून घेतलं होतं. आदल्या दिवशी अभ्यासाला वैतागलेली पोरं अशी उठून जातात, आणि ड्यूकला हरवलं की तिथूनच धावत गावातल्या फ्रँकलिन स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर जल्लोषाला पोचतात. गाडी काढून, पार्किंग शोधून, बसची वाट बघून हे होत नाही. तीन किलोमीटर म्हणजे काही फार नाही, पण वाडगा हातात धरून निघालेला तो मुलगा तेवढ्यासाठी बाहेर पडणार नाही.

दुरुस्तीला अडचणी आहेतच. रुंद खुर्च्या, व्हीलचेअरच्या जागा आल्या की प्रेक्षकसंख्या घटणार. घटू दे. कॅमेरनमध्ये साडेनऊ हजारांच्या आत लोक बसतात आणि छप्पर हादरतं. दुसरी अडचण मोठी: काम चालू असताना संघाने खेळायचं कुठे? शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने ११ कोटी डॉलर खर्चून वेल्श-रायन अरीना नवं केलं, तेव्हा २०१७-१८ चा पूर्ण हंगाम संघ दुसऱ्या गावी खेळला. आदल्या वर्षी इतिहासात पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत गेलेला तो संघ त्या हंगामात जिंकलेल्यापेक्षा जास्त सामने हरला. ही किंमत खरी आहे. पण इलिनॉय विद्यापीठाने १९६३ चा आपला काँक्रीटचा प्रचंड घुमट टप्प्याटप्प्याने, बरंचसं काम उन्हाळ्यांत उरकून, २०१६ पर्यंत नवा केला. सुमारे १७ कोटी डॉलर लागले आणि घुमट जागेवर राहिला. चॅपल हिलकडे तर आवारातच कारमायकल अरीना आहे. साधारण ६,८०० लोक बसतील असं, दुरुस्त केलेलं, मुलींचा संघ तिथेच खेळतो. मायकेल जॉर्डन विद्यापीठाकडून घरचे सामने खेळला ते कारमायकलमध्ये. डीन डोम उघडलं तेव्हा तो केव्हाच शिकागोच्या व्यावसायिक संघात गेला होता. लोक हे विसरतात. एखादा हंगाम काही सामने तिथे झाले तर विद्यार्थ्यांना ती पर्वणीच वाटेल.

आता नावाबद्दल. डीन स्मिथ १९६१ ते १९९७ इथे प्रशिक्षक होते. ८७९ विजय, १९८२ आणि १९९३ ची राष्ट्रीय विजेतेपदं, आणि विद्यापीठाचा पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक बास्केटबॉलपटू चार्ली स्कॉट याला त्यांनीच आणलं. बास्केट करणाऱ्याने ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचं, ही पद्धत त्यांची. २०१५ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या जुन्या खेळाडूंच्या घरी प्रत्येकी २०० डॉलरचा धनादेश आला. सरांकडून बाहेर जेवायला जा, असा निरोप त्यासोबत होता. भावनेपोटी इमारत राखा असं मी म्हणत नाही, नाव कुठेही नेता येतं. पण पास देणाऱ्याची आठवण ठेवायला शिकवणाऱ्या माणसाच्या नावाच्या वास्तूत विद्यार्थ्यांना कोर्टाजवळ एका बास्केटमागची जागा सोडून काही नसावं, याचं मला मनापासून दुःख होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आधी खुर्च्यांचं ठरवा आणि मग सिमेंटचं. कोर्टाच्या दोन्ही लांब बाजूंच्या खालच्या रांगा विद्यार्थ्यांना लेखी द्या. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी पैसे दिले त्यांचा मान राखून त्यांना वर, चांगल्या रुंद खुर्च्या द्या. खासगी खोल्यांतून पैसा उभा करायचा तर त्या वरच्या मजल्याच्या मागच्या भिंतीशी काढा. हे कबूल झालं की दुरुस्तीचा आराखडा आपोआप वेगळा होईल. आणि हे कबूल झालं नाही, तर कॅरोलायना नॉर्थला शंभर कोटी डॉलरचं अरीना बांधूनही टीव्हीवर पुढच्या रांगांत माझ्या सासऱ्यांच्या वयाचेच लोक दिसतील.

हेच मुद्दे इंग्रजीत लिहून मी विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाला पाठवले आहेत. ज्यांची मुलं तिथे शिकतात त्या मराठी पालकांनीही आपलं मत कळवावं. मत दुसऱ्या बाजूचं असेल तरी चालेल, पण सामन्याला एकदा होस्टेलपासून चालत जाऊन मग लिहावं.

आपली,
एक वाचक
कॅरी, नॉर्थ कॅरोलायना