४५ चा वेबर घेण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

जिप्सीच्या इंजिनाचं हेड पोर्ट होऊन (हवेच्या वाटा मोठ्या करून) आलं, झडपा उघडणारा कॅमही बसला, हे वाचून फार बरं वाटलं. पण तू म्हणतोस ती वेबर कंपनीच्या ४५ डीसीओई कार्ब्युरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची) जोडी घेऊ नकोस. माल चांगला असेल, तरी तुझ्या इंजिनाला तो मोठा पडतो. का ते एकदा नीट समजून घे, म्हणजे पुढं कुठल्याही इंजिनाचा कार्ब्युरेटर तुझा तू निवडशील.

आधी इंजिनाची भूक काढ. १२९८ सीसी, आणि तुला न्यायचंय ६५०० आरपीएमपर्यंत. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा भरतं, म्हणून आरपीएम निम्मं धरायचं. मिनिटाला साधारण ४२२० लिटर होतात. सिलिंडर काही काठोकाठ भरत नाहीत. ८५ टक्के धरले तर ३६०० लिटर, म्हणजे मिनिटाला १२७ घनफूट (सीएफएम). अमेरिकन कार्ब्युरेटरच्या आकड्यांशी हे ताडून बघताना जपून. दोन घशांचा (हवा जाण्याच्या दोन नळ्यांचा) कार्ब्युरेटर ते ३ इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजतात आणि चार घशांचा दीड इंचावर. ३ इंचावर मोजलेला नग दीड इंचावर धरला की आकडा जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरतो.

हा हिशोब चारही सिलिंडर एकाच कार्ब्युरेटरवर असतात तेव्हाचा. डीसीओईच्या जोडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र घसा मिळतो. मग १२७ ला चारनं भागावंसं वाटेल. भागायचं नाही! एक सिलिंडर हवा ओढत असतो तेव्हा बाकीचे तीन दुसऱ्या कामात असतात, त्यामुळे त्या क्षणी जवळजवळ सगळा प्रवाह त्या एकाच घशातून जातो.

आता मुख्य गोष्ट. डीसीओईवरचा ४० किंवा ४५ हा बटरफ्लायच्या (घसा उघडझाक करणाऱ्या झडपेच्या) भोकाचा मिलिमीटरमधला व्यास. इंजिनाला कळते ती आतली व्हेंचुरी (घशातला अरुंद गळा), आणि ती बदलता येते. एका सिलिंडरची क्षमता लिटरमध्ये घे, तिला हजारांतल्या आरपीएमनं गुण, वर्गमूळ काढून २० नं गुण. तुझं ०.३२५ गुणिले ६.५, म्हणजे २.११, वर्गमूळ १.४५, उत्तर २९ मिलिमीटर. घसा व्हेंचुरीच्या सव्वापट असावा, म्हणजे ३६ च्या आसपास. ४० चा कार्ब्युरेटर त्यात आरामात बसतो. ४५ कशाला?

मोठा घेतला तर काय होतं? हवेचा वेग पडतो. वेग पडला की व्हेंचुरीतला दाब पुरेसा उतरत नाही आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल वेळेवर उचललं जात नाही. द्राक्षबागेत फवारणीच्या पंपाचा दाब उतरला की नोझलमधून धुकं न येता थेंब गळतात, तसंच. अर्ध्या थ्रॉटलवरून पाय दाबलास की गाडी गुदमरणार. ऑटोक्रॉसच्या शर्यतीत तुझा सगळा वेळ वळणातून बाहेर पडण्यात जातो, ६५०० वर तू किती वेळ असशील? मी २८ ची व्हेंचुरी बसवीन आणि वरचे दोन घोडे (हॉर्सपॉवर) खुशाल सोडीन.

जेटची सुरुवात सोपी आहे: व्हेंचुरीच्या चौपट मेन जेट (पेट्रोलचा), त्यात ५० मिळवून एअर करेक्टर (हवेचा जेट). २८ ला ११० किंवा ११५ चा मेन, १६० किंवा १६५ चा एअर. पेट्रोलचा दाब ३ पीएसआयच्या आसपास ठेव, जास्त झाला तर फ्लोटची सुई उघडी राहून ओव्हरफ्लो होईल. पुढं वाइडबँड मीटर (धुरावरून मिश्रण मोजणारा) लावून फुल थ्रॉटलला एक भाग पेट्रोलला १२.५ ते १३ भाग हवा (वजनानं) असं मिश्रण साध. त्याहून लीन (कमी पेट्रोलवर) पळवू नकोस, पिस्टन जळतो. कोल्हापुरात जुळवलेली गाडी महाबळेश्वरला नेलीस तर विरळ हवेत रिच (जास्त पेट्रोलवर) चालेल. तेवढ्यावरून घरचे जेट बदलू नकोस.

जुना ४० बघायला जाशील तेव्हा बटरफ्लायच्या शाफ्टचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलव. खुळखुळला तर तिथून हवा खेचणार आणि आयडलिंग कधीच जुळणार नाही. मग तोंडाकडून आत बघ. लॉकचा स्क्रू सोडवला की सहायक व्हेंचुरी आणि तिच्यामागची मोठी व्हेंचुरी पुढं सरकून बाहेर येतात. मोठीवरचा आकडा वाच. अंगावर ४० असून आत ३३ असेल तर तो आपल्या कामाचा नाही असं समजू नकोस, व्हेंचुरी बदलू.

२८ ची मिळाली नाही तर मूळ व्हेंचुरी कुरिअरनं पाठव. उद्यमनगरातल्या लेथवर अॅल्युमिनियममधून चार करून देतो, उताराचा आकार तसाच ठेवून.

तुझे,
बाबा