सूचना: दिवाळीत घरी बांधबंदिस्तीचा विषय काढा

सर्व सभासदांना नमस्कार. भाऊबीजेला पुण्या-मुंबईची भावंडं गावी येतील. सातबारा सामाईक असेल तर बांधबंदिस्ती (माती-पाणी अडवायला शेताला बांध घालणं), शेततळं यांना त्यांची संमती हवी, आणि ती फोनवर मिळत नाही. फराळ झाला की त्यांना शेतावर न्या. फुटलेला बांध, ओघळीत साचलेली आपलीच काळी माती दाखवा. रब्बीची पेरणी झाली की या खुणा मिटतात. भाषण नको. पूर्वी मे महिन्यात विहिरीला पाणी कुठवर असायचं, हे थोरल्यांना विचारा, बोलणं आपोआप सुरू होतं. वाटणीचा जुना वाद मात्र कृपया त्या दिवशी नको. नगर जिल्ह्यातलं हिवरेबाजार गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद (पाणी किती आहे, किती लागेल याचा हिशेब) मांडून पिकं ठरवतं, हेही सांगा. समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर) उन्हाळ्यात खणायचे आहेत. होकार मिळालेल्यांनी तुळशीच्या लग्नापर्यंत जमिनीचा गट नंबर इथे कळवावा.