पाय टेकला म्हणून हिंमत सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरटीओच्या मैदानावर मोटारसायकलची ट्रायल देताना पाय टेकला आणि नापास झाले, की काही जण गाडीला हात लावायचेच सोडतात आणि काही जण ‘करून देणारा’ एजंट शोधतात. पहिल्या वाटेने शिकणे थांबते. दुसऱ्या वाटेने लायसन्स हातात येते, पण गाडीवरचा हात होता तिथेच राहतो. या नापास होण्याचा अर्थ फार मर्यादित आहे. संथ गतीत गाडीवर ताबा अजून बसलेला नाही, एवढेच त्यातून कळते. आणि तो रोज अर्धा तास दिला तर थोड्या दिवसांत बसू शकतो.

“गाडी तर व्यवस्थित येते, मग नापास कसा?” असे नेहमी विचारले जाते. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे दुचाकी बऱ्याच अंशी आपला तोल आपणच धरते. चालण्याच्या वेगाला तो चालवणाऱ्याला धरावा लागतो, आणि ट्रायलमधला ‘आठ’, म्हणजे आठच्या आकड्यासारखे जोडलेले दोन गोल, काढायचा असतो तो याच वेगाला. रस्त्यावर अशी वेळ आली की आपण सहज पाय खाली सोडतो. त्यामुळे हे कसब अंगी बाणवायची गरजच पडत नाही. अनेक वर्षे गाडी हाताळलेली माणसेही आठाच्या दुसऱ्या गोलात अडखळतात ती यामुळे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पाय का टेकला, हे मात्र नेमके ओळखायला हवे. वळण घेताना घाबरून क्लच पूर्ण दाबला, तर चाकाची ओढ तुटते आणि गाडी आतल्या बाजूला कलंडते. पहिल्या गिअरमध्ये क्लच एकदम सोडला, तर गचका बसतो किंवा इंजिन बंद पडते. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला, तर पुढचे चाक जागीच अडते आणि गाडी आडवी होते. चौथे कारण नजरेचे. पुढच्या चाकाकडे किंवा आखलेल्या रेषेकडे पाहत राहिले, की गाडी रेषेवरच जाते. या चारपैकी आपली चूक कोणती हे कळले, की निम्मी भीती तिथेच जाते.

सराव क्लचपासून सुरू करावा. सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये घ्यावी आणि क्लच अगदी हळू सोडावा. इंजिनाचा आवाज किंचित दबतो आणि गाडी पुढे सरकू पाहते, ती हाफ क्लचची जागा. बोटांना ती न चुकता सापडेपर्यंत दहा-पंधरा वेळा हेच करावे. मग १५ मीटर सरळ अंतर बारा-तेरा सेकंदांत कापावे. हा चालण्याचा वेग झाला. अ‍ॅक्सिलरेटर थोडासा आणि एकसारखा ठेवायचा. वेग कमी-जास्त करायचा तो क्लचने आणि मागच्या ब्रेकच्या हलक्या दाबाने. गुडघे टाकीला टेकलेले, कोपर सैल, खांदे खाली. भीतीने मूठ घट्ट आवळली जाते, अ‍ॅक्सिलरेटर झटक्याने फिरतो आणि गाडी उसळते. म्हणून निघण्याआधी एक लांब श्वास सोडून बोटे मोकळी करावीत, त्याचा खरोखर उपयोग होतो.

सरळ रेषा जमली की गोल. एक खुंटी, साडेतीन मीटर दोरी आणि फक्की एवढ्या सामानात सात मीटर व्यासाचा गोल आखता येतो. आधी फक्त डावीकडचे गोल, मग फक्त उजवीकडचे. उजवे वळण पुष्कळांना जड जाते. त्या वळणात उजवी मूठ अंगाकडे येते, मनगट दुमडते आणि अ‍ॅक्सिलरेटर नकळत हलतो. कोपर थोडा बाहेर काढला की मनगट मोकळे होते. गोल पाच मीटरपर्यंत लहान करत न्यावा आणि मगच दोन गोल जोडून आठ काढावा. मधल्या छेदावर पोहोचण्याआधी मान वळवून पुढच्या गोलाच्या पलीकडच्या कडेकडे पाहावे. पहिल्या गिअरमध्ये गचके थांबतच नसतील, तर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच किंचित दाबून पाहावे, मोठ्या आठाला तो अधिक मऊ जातो. सतत हाफ क्लचवर चालवून क्लच प्लेट तापतात, म्हणून दर पंधरा मिनिटांनी गाडीला विश्रांती द्यावी. प्रत्येक कार्यालयाची आखणी सारखी नसते. तेव्हा ट्रायलच्या आधी एकदा मैदान पाहून यावे.

ब्रेकबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले. कॉम्बी ब्रेकच्या गाडीत मागच्या ब्रेकचे पेडल जोरात दाबले की पुढचा ब्रेकही लागतो. जुन्या गाडीवर शिकलेला माणूस नव्या गाडीवर वळणात तेच पेडल दाबतो आणि पडतो. पेडलवर पायाचा नुसता स्पर्श ठेवावा.

सगळ्यात जास्त घात होतो तो ट्रायलच्या दिवशी मागून आणलेल्या गाडीने. स्प्लेंडरचे वजन ११२ किलोच्या आसपास, क्लासिक ३५०चे १९५. दोन्हींचा क्लच वेगळ्या जागी पकडतो आणि हँडलही वेगवेगळे वळते. ज्या गाडीवर सराव केला तीच न्यावी, आणि तिचा विमा व पीयूसी चालू आहे ना, हे आदल्या दिवशी पाहावे. क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ती खूप जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गाडी पुढे ओढते आणि न्यूट्रल सापडत नाही. अजिबात नसेल तर क्लच घसरतो. चेन सैल असली तरी संथ गतीत गचके बसतात. साइड स्टँड वर घेतला का, हेही पाहावे. अनेक नव्या गाड्यांत तो खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडते, आणि घाबरलेल्या माणसाला कारणच उमगत नाही. हेल्मेट, आरसे, सिग्नल, निघताना मागे पाहणे यांचा सराव आठाइतकाच करावा. केंद्रीय मोटार वाहन नियम १५ मध्ये चाचणीच्या बाबी म्हणून आरसे, सिग्नल आणि निघण्याआधीची खबरदारी येते.

आता वेळेचा हिशेब. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९ प्रमाणे नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा ट्रायल देता येते. तीनदा नापास झाल्यास शेवटच्या ट्रायलपासून साठ दिवस थांबावे लागते. प्रत्येक खेपेची चाचणी फी एका प्रकारच्या वाहनाला ३०० रुपये. कच्चे लायसन्स सहा महिने चालते आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनंतरच ट्रायल देता येते. दुसऱ्या महिन्यातच पहिली ट्रायल दिली, तर तिन्ही खेपा आणि ते साठ दिवस धरूनही पुढच्या खेपेला जागा उरते. पाचव्या महिन्यापर्यंत टाळत राहणाऱ्याला ती मिळत नाही, उलट कच्चे लायसन्स नव्याने काढायची वेळ येते. अपॉइंटमेंट लगेच मिळेलच असे नाही, म्हणून घरी येताच ‘सारथी’ या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर पुढची तारीख घेऊन टाकावी. समोर तारीख असली की सरावही होतो. तोवर गाडीला पुढे-मागे ‘एल’ हवाच, आणि मागच्या सीटवर पक्के लायसन्स असलेली शिकवणारी व्यक्तीच बसू शकते. मैत्रिणीला कॉलेजला सोडणे या काळात नियमात बसत नाही.

घरच्यांनाही सांगणे आहे. चाळिशीत गाडी शिकू पाहणाऱ्या बाईला “तुला काय गरज?” म्हणणे आणि नापास झालेल्या मुलाला चारचौघांत हसणे, दोन्ही थांबवावे. त्यापेक्षा संध्याकाळी मोकळ्या मैदानावर फक्की आखून द्यावी.

परिवहन विभागाला दोन विनंत्या आहेत. नापास करताना कारण लेखी द्यावे. पाय टेकला, रेषा ओलांडली, सिग्नल दिला नाही, मागे पाहिले नाही, अशा छापील यादीवर एक खूण करायला निरीक्षकाला क्षणभरही लागणार नाही. “पुन्हा या” एवढेच ऐकून परतलेल्या उमेदवाराला नेमका कशाचा सराव करायचा हे कळत नाही. दुसरे, सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन तास चाचणीचे मैदान सरावासाठी खुले ठेवावे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत सात मीटरचे दोन गोल आखायला जागा सापडणेच अवघड आहे.

आपला वाचक,
एक दुचाकी प्रशिक्षक, सातारा