नवा वेबकॅम घेण्यापूर्वी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरमधील रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतल्या अनेक मराठी घरांतील मुले आज पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी आहेत, आणि सुटीच्या दिवशी संगणकासमोर बसून नातवंडांशी बोलणे हा ज्येष्ठांचा मोठा आधार झाला आहे. अशा वेळी पडद्यावर काळी चौकट दिसली, की कॅमेरा गेला असे गृहीत धरले जाते आणि दुकानातूनही बहुधा नवा घेण्याचाच सल्ला मिळतो. अनेक वर्षे संगणक शिकवलेला एक वाचक म्हणून मला आग्रहाने सांगावेसे वाटते की, असा कॅमेरा पुष्कळदा बिघडलेला नसतोच. तो कुठेतरी अडवलेला असतो, आणि कुठे ते घरबसल्या शोधता येते.

कोणी चोरून पाहू नये म्हणून अलीकडच्या लॅपटॉपमध्ये बंदोबस्ताचे अनेक थर आले आहेत. भिंगावर सरकणारी बारीक झडप असते, काही कंपन्यांच्या कळफलकावर किंवा लॅपटॉपच्या कडेला कॅमेरा बंद करणारे बटण असते, विंडोजची स्वतःची परवानगी असते, ब्राउझरची वेगळी असते, आणि अँटिव्हायरसही कधी कधी आपला पहारा बसवतो. हे सगळे थर आवश्यकच आहेत. पण त्यांतला कोणताही एक लागला तरी वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच, की आपला चेहरा दिसत नाही.

म्हणून पहिली परीक्षा विंडोजमधल्या ‘कॅमेरा’ या साध्या ॲपमध्ये घ्यावी. तिथे चित्र आले तर यंत्र शाबूत आहे, हे निश्चित समजावे आणि दोष झूममध्ये किंवा ब्राउझरमध्ये शोधावा. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला असलेल्या चिन्हावर क्लिक केले, की त्या संकेतस्थळाला कॅमेरा नाकारला आहे का, हे दिसते. एखाद्या वेळी घाईत ‘ब्लॉक’ दाबले गेले, तर ती नकाराची नोंद तशीच राहते आणि पुढच्या वेळी कोणी विचारतही नाही.

‘कॅमेरा’ ॲपमध्येही चित्र नसेल, तर तिथला संदेश नीट वाचावा. लांबलचक सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी ४२४३ असेल, तर दुसरे एखादे ॲप कॅमेरा धरून बसले आहे. ते पूर्ण बंद करावे. शेवटी ४२४४ असेल, तर विंडोजला कॅमेरा सापडतच नाही. काही लॅपटॉपांत कॅमेरा बंद करणारे ते बटण कॅमेऱ्याची जोडणीच तोडते, त्यामुळे हा संदेश आला तरी आधी बटणच तपासावे. कॅमेऱ्याशेजारचा दिवा लागलेला असून चित्र मात्र काळे असेल, तर झडपेवर बोट फिरवून पाहावे. परवानगीसाठी विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि त्यात ‘कॅमेरा’ असे जावे. तिथे डेस्कटॉप ॲप्ससाठी, म्हणजे झूमसारख्या ॲप्ससाठी, वेगळी कळ असते आणि नेमकी तीच पाहायची राहून जाते.

सुटा वेबकॅम असेल, तर यूएसबी हबमधून, म्हणजे एका पोर्टची अनेक करणाऱ्या जोडपेटीतून, काढून थेट संगणकाला, शक्यतो डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला, जोडावा. यूएसबी २.० चे एक पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअर वीज देते आणि बाहेरून वीज न घेणाऱ्या हबमध्ये तेवढ्याच विजेचे वाटे पडतात. त्यानंतर संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणे म्हणजे तेच नव्हे, कारण विंडोजची जलद सुरुवातीची सोय आधीची बरीचशी स्थिती जपून ठेवते.

एवढे करूनही चित्र आले नाही, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये, म्हणजे विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत, कॅमेरा ‘डिसेबल’ म्हणजे बंद झालेला नाही ना, ते पाहावे. नसेल, तर तिथून तो ‘अनइन्स्टॉल’ करून संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. आजचे बहुतेक वेबकॅम यूव्हीसी या सामायिक मानकावर चालतात आणि त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. त्यामुळे ड्रायव्हरच्या नावाने पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांकडे कोणीही वळू नये. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर फोन करून पलीकडच्या अनोळखी माणसाच्या हाती दूरस्थ ॲपद्वारे संगणक सोपवणे तर फारच घातक आहे, कारण कॅमेऱ्याच्या निमित्ताने बँकेचे खाते रिकामे होऊ शकते. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

खरा बिघाडही असतोच. लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याची तार बिजागरीतून जाते आणि वर्षानुवर्षांच्या उघडझापीने ती तुटू शकते. तेव्हा कारागीर हवाच. पण वर सांगितलेले सगळे तपासून झाल्यावर.

आपल्या दैनिकात नव्या फोनांची आणि संगणकांची ओळख नियमित येते. त्याच जागेत महिन्यातून एकदा, घरात आहे ते यंत्र कसे तपासावे याची माहिती पडद्यावरच्या इंग्रजी शब्दांसह देवनागरीत छापावी, आणि शहरातील मराठी संस्थांनी ते कात्रण आपल्या वाचनालयाच्या फलकावर लावावे, अशी माझी दोघांनाही विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त संगणक शिक्षक, इंदूर