हत्यारांची पेटी भंगारात देऊ नका

मॅडिसन, विस्कॉन्सिन
२१ जून

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा बोलता बोलता म्हणाले, की आता हात थरथरतो, हत्यारांची पेटी भंगारवाल्याला देऊन टाकावी म्हणतो. मला तेव्हा काही बोलवलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. बाबा, ती पेटी देऊ नका. पण का देऊ नका ते कळायला मला बोटीचं सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. आजवर सांगितलं ते तुटक तुटक, आणि आई काळजी करेल म्हणून बरंचसं गाळलेलं.

बोट सोळा फुटी, फायबरची. मागे पन्नास हॉर्सपॉवरचं एव्हिनरूड इंजिन. ट्रेलरसकट नऊशे डॉलरला गेल्या ऑक्टोबरात घेतली. मागच्या बाजूला उजवीकडे बारा अक्षरांचा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे दोन आकडे सालाचे, इथे ८६. म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. विकणारा म्हणाला, 'पाण्यात घाला की निघाली.' मी विश्वास ठेवला आणि घरी आणली.

घरी आल्यावर मी तिला ठोकून बघितलं. आई, तू फणस कसा बघतेस? कच्चा टणटण वाजतो आणि पिकलेला भदभद. बोटीचंही तसंच. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत गेले. बाजू टणटणीत होत्या. पण मागची उभी भिंत, जिला इथे ट्रान्सम म्हणतात आणि जिच्यावर सगळं इंजिन टांगलेलं असतं, ती खालच्या निम्म्या भागात भदभद वाजली. आतून बारीक भोक पाडलं तर ड्रिलला तपकिरी चिखल लागून आला, कुजलेल्या पाचोळ्याच्या वासाचा. बाहेरून चकचकीत फायबर आणि पोटात प्लायवूड सडलेलं. कुणीतरी कधीतरी तिथे स्क्रू मारले आणि भोकं नीट बंद केली नाहीत. पाणी त्यातून वर्षानुवर्षं मुरत राहिलं. तशीच पाण्यात घातली असती तर एखाद्या दिवशी भर वेगात इंजिन भिंतीसकट उखडून गेलं असतं. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

त्या रात्री विकून टाकायचं मनात आलं होतं. मग तुम्ही अंगणात लूना उघडून बसायचात ते आठवलं. डेपोतून दमून आलेले असायचात, तरी एकेक नट काढून जुन्या पेपरवर काढला त्याच क्रमाने मांडायचात. मी बॅटरी धरून उभी. झोत हलला की म्हणायचात, 'माझ्या हाताकडे नको, कामाकडे धर.' दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये वर्तमानपत्रं अंथरली आणि इंजिन उतरवायला घेतलं.

हिवाळाभर आतल्या बाजूने फायबर कापून सडका प्लाय खरवडला. फायबरची धूळ अंगाला लागली की खाजकुइलीसारखी खाज सुटते. मास्क, चष्मा, हातमोजे सगळं घालूनच काम केलं, आई. नवी फळी बसवायची तर मागचा आकार सरळ नाही, खाली वाकलेला. तिथे तूच मदतीला आलीस. ब्लाउज बेतताना तू आधी कागद कापायचीस, अंगाला लावून बघायचीस आणि मगच कापडाला कात्री लावायचीस. मी खोक्याचा पुठ्ठा कापला, लावला, चुकला, पुन्हा कापला. चौथा पुठ्ठा चोख बसला तेव्हा प्लायला करवत लावली. पाऊण इंची दोन तुकडे एकावर एक चिकटवून दीड इंचाची भिंत झाली.

चिकटवायला इपॉक्सी. त्यात हार्डनर घालायचा, मग एक बारीक भुकटी घालून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं, उभ्या भिंतीवरून ओघळणार नाही असं. थंडीत ते नीट धरत नाही, म्हणून मे महिन्यापर्यंत थांबले. पहिल्याच दिवशी एका खोल डब्यात खूपसं एकदम कालवलं. दहा मिनिटांत डबा हाताला चटके देऊ लागला, धूर निघाला, प्लास्टिक वितळायला लागलं. तसाच उचलून बाहेर अंगणातल्या सिमेंटवर नेऊन ठेवला. ते मिश्रण ढीग करून ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने पेटायला येतं, आणि पसरट ताटात पातळ पसरलं तर शांत राहतं. तेव्हापासून थोडं थोडं, पसरट भांड्यात. बोल्टची भोकंसुद्धा आधी मोठी पाडली, इपॉक्सीने भरली, वाळल्यावर त्याच्या मधोमध पुन्हा लहान भोक पाडलं. आता पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचणार नाही.

बाबा, इंजिन तुम्हाला आवडेल. टू-स्ट्रोक, लूनासारखंच. पेट्रोलमध्ये ऑइल पन्नासास एक. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, एकाला ११५ पीएसआय, दुसऱ्याला ११८, जवळपास सारखाच. गिअर ऑइल काढलं तर दुधासारखं पांढरं निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. सगळी सीलं बदलली. पाणी खेचणाऱ्या पंपात एक रबरी चक्री असते, तिची पाती एकाच बाजूला वाकून कडक झाली होती. तीही नवी घातली. आणि हे इंजिन ज्याच्या नावाचं, तो ओले एव्हिनरूड इथलाच. नॉर्वेहून लहानपणी आला आणि इथून तासाभराच्या आतल्या केंब्रिज गावाजवळ शेतावर वाढला. १९०९ साली त्याने मिलवॉकीत असली इंजिनं विकायला सुरुवात केली. म्हणतात, होणाऱ्या बायकोला आइस्क्रीम हवं होतं म्हणून तो उन्हात तळ्यावर वल्हवत गेला आणि परत येईपर्यंत ते वितळलं, तेव्हा त्याला ही कल्पना सुचली. २०२० साली ती इंजिनं बनायची बंद झाली. मला त्याचं फार वाईट वाटतं. सुटे भाग मात्र अजून मिळतात.

गेल्या शनिवारी मोनोना तळ्यात बोट उतरवली. तळाचं बूच आधी लावलं (ते मी किल्लीलाच बांधून ठेवलं आहे, म्हणजे विसरायला नको). किल्ली फिरवली, निळा धूर आला आणि तो वास आला. आपल्या अंगणातला, लूनाचा वास! इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार सुटते, ती दिसली की समजायचं पंप चालला. ती धार बघत मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

आणि दहा मिनिटांनी, काठापासून बरीच लांब गेल्यावर, इंजिन बंद पडलं. प्लग बघितले, ठीक. मग तुम्हाला फोन लावला. तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा. तुम्ही एवढंच विचारलंत, 'टाकीला हवा आहे का?' मी बघितलं. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा चपटा होऊन बसला होता. झाकणावरचा हवेचा स्क्रू मी घट्ट आवळलेला होता. सैल केला, फुसकन हवा आत गेली, फुगा दाबून भरला, आणि एका झटक्यात इंजिन सुरू झालं. तुम्ही फोनवर आवाज ऐकलात आणि म्हणालात, 'आता बरोबर.' लूना चढावर बंद पडायची तेव्हा तुम्ही टाचणीने झाकणाचं भोक साफ करायचात. मी बॅटरी धरून ते बघितलेलं, आणि तरी मला आठवलं नाही. तुम्हाला तेरा हजार किलोमीटरवरून, न बघता कळलं. आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही म्हणालात की पेटी देऊन टाकतो.

हात थरथरतो, मान्य. पाना मी फिरवीन. बॅटरीही मीच धरीन. तुम्ही खुर्ची टाकून बसायचं आणि सांगायचं. कमी वेगावर एक सिलिंडर अजून मधूनच सुटतो आहे, कार्बोरेटर साफ करूनही. आवाज रेकॉर्ड करून पाठवते, इअरफोन लावून ऐका.

आई, लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे, तुझ्या मापाचं वेगळं घेतलं आहे. मनगटाला एक दोरी बांधलेली असते, मी पडले तर इंजिन आपोआप बंद होतं. आणि विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला तुम्हीच शिकवलंत ना मला?

पुढच्या जूनची तिकिटं मी बघते आहे. बाबा, पाने आणू नका, या इंजिनाचे नट इंचाचे आहेत, तुमचे मिलिमीटरचे पाने बसणार नाहीत. पेटीतल्या वरच्या खणात, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला फिलर गेज आहे, तेवढा आणा. प्लगची गॅप तुमच्याच गेजने लावायची आहे.

तुमची,
थोरली